टिपणीस सरांचा जावाचा ढग

टिपणीस सरांनी माझा पदर धरला तेव्हा गाडी कासू सोडून नागोठण्याकडे निघाली होती, आणि मला रोह्याच्या शाळेत रुजू होऊन चारच दिवस झाले होते. पदर म्हणजे अगदी टोक. पण टोक झालं म्हणून काय? मी सर्रकन ओढून घेतला आणि आवाज चढवून म्हटलं, "अहो, लाज वाटत नाही का?" डब्यातले कंपनीवाले पेपर खाली करून बघायला लागले. समोरचा माणूस मात्र मान वर न करता म्हणाला, "जरा थांबा. बघू द्या. हा चिनी ढग आहे."

साडी पेणच्या बाजारातली, नायलॉनची, रोजच्या वापराची. काठावर निळ्या निळ्या गुंडाळ्या होत्या. दुकानदार त्याला जिलबी बॉर्डर म्हणाला होता. मी तेच ठणकावून सांगितलं. "जिलबी?" सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या घरच्या माणसाला काहीतरी बोलले. "पाटीलबाई, ही जिलबी नाही हो. हा चीनमधून निघाला, जावाला गेला, तिथे जाडजूड झाला, सात निळे अंगावर घातले, आणि आता तुमच्या साडीवर आलाय. एवढ्या लांबून आलेल्याला जिलबी म्हणायचं?"

माझं नाव त्यांना ठाऊक होतं, म्हणजे हे आमच्याच शाळेतले चित्रकलेचे शिक्षक हे तेव्हा कळलं. पेणहून रोह्याला आम्ही पुढे दहा वर्षं एकाच गाडीने गेलो. एकदा राग आला की माझा लवकर जात नाही, पण ह्या माणसावर धरून ठेवताच येत नसे. राग धरायला समोरच्याचं लक्ष तरी आपल्याकडे पाहिजे ना!

उंच, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखात कायम निळा रंग. कुठेही काही वळलेलं दिसलं की सर थांबले. बँकेच्या खिडकीची जाळी, नागोठण्याच्या फलाटावरच्या रसवंतीचा पत्रा, कुणाच्या दारातली रांगोळी. "जरा थांबा, बघू द्या." शाळेत पोरं त्यांची नक्कल करायची ती ह्याच वाक्याची. दोन पोरांची मारामारी झाली की तिसरं डोळ्याला दोन बोटांचं भिंग लावून म्हणायचं, "जरा थांबा, बघू द्या, हा चिनी ठोसा आहे." सरांनी एकदा ऐकलं. चिडतील वाटलं, तर म्हणाले, "हात बरोबर धरलाय हं त्याने."

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक सुरा होता.

सरांचे चुलते महायुद्धाच्या शेवटी पलटणीबरोबर कारकून म्हणून जावा बेटावर गेले होते. तिथे दंगल पेटलेली. एका चिनी सोनाराच्या घरावर ह्यांच्या लोकांनी आठवडाभर पहारा दिला. निघताना त्या सोनाराने चुलत्यांच्या हातात एक कापडी गुंडाळी ठेवली. त्यात हा सुरा. नागासारखं वळणं घेत गेलेलं पातं, आणि त्याला लाकडी म्यान, वरच्या तोंडाशी होडीसारखं पसरट. जावाचे लोक ह्याला केरिस म्हणतात. "क्रिस म्हणू नका, ते इंग्रजांनी केलं. केरिस." सर हे प्रत्येकाला सांगत. पेणमध्ये त्याचं नाव "सरांचा वाकडा सुरा" असंच पडलं. चुलत्यांना मूलबाळ नव्हतं, तो सरांकडे आला. वहिनी, म्हणजे सरांची बायको, त्याला नुसतं "ते" म्हणायच्या. "ते काढलंय बाहेर, म्हणजे आज जेवण वेळेवर नाही."

मी पहिल्यांदा बघितला तो त्यांच्या ओटीवर, एका रविवारी. पात्यावर लोखंडात पाण्यावरच्या लाटेसारख्या फिक्या रेघा होत्या. मुठीजवळ पात्यातच कोरलेला एक बारका प्राणी बसलेला. मी म्हटलं, "कुत्रा का?"

"सिंह," सर म्हणाले. "पण तुमची चूक नाही. जावात सिंह नाहीत. त्यांनी तो चिन्यांच्या देवळाच्या दारात बघितला. चीनमध्येही सिंह नाहीत, त्यांनी ऐकून काढलेला. म्हणजे सिंह न बघितलेल्या माणसाने काढला, तो बघून सिंह न बघितलेल्या दुसऱ्याने काढला, आणि सिंह न बघितलेला मी तुम्हाला पेणात बसून शिकवतोय." आणि स्वतःच खो खो हसले. सरांना असं हसताना फार वेळा बघितलं नाही, म्हणून लक्षात आहे.

पण त्यांचा खरा जीव म्यानावर. म्यानावर रंगकाम होतं. फार जुनं, जागोजागी उडालेलं, होडीच्या भागाला एक फट गेलेली. तरी ढग दिसत होते. एकात एक बसवलेल्या निळ्या घड्या. अगदी आत काळपट, मग जरा कमी, मग अजून कमी, करत करत बाहेरची कड जवळजवळ पांढरी. सात निळे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर एका गावात हा ढग काढतात, आणि त्यांच्या भाषेत त्याच्या नावातही मेघ आहे, आपलाच मेघ. तिथल्या राजाने चीनची मुलगी केली होती असं ते लोक सांगतात, तिच्याबरोबर हे सगळं आलं म्हणतात. चिनी भांडी, चिनी खडक, चिनी ढग. "नाव आपल्याकडून गेलं, आकार चिन्यांकडून गेला," सर म्हणायचे, "आणि त्या लोकांनी दोघांचं लग्न लावून दिलं. कुणी भांडलं नाही."

सरांचं म्हणणं एवढंच होतं. हे म्यान जावातल्या कुणा चिनी घराण्याच्या कारागिराने रंगवलंय. पिढ्या तिथेच काढलेल्या, पण आजोबाचा हात न विसरलेल्या. ढगाची वळणं चिनी, पण भरताना रंग जावाच्या पद्धतीने चढवलाय. दोन्ही एकाच हातात. असा हात होता हे दाखवणारी वस्तू आपल्या पेणात आहे. हे त्यांना लिहायचं होतं. मी म्हणायची, "लिहा ना मग, कोण नको म्हणतंय?" गणित शिकवणाऱ्या बाईला हे असंच सोपं वाटणार.

त्यांनी शाळेत काय उच्छाद मांडला होता ते सांगते. सरकारी चित्रकलेच्या परीक्षेला पोरांना निसर्गचित्र येतं. दोन डोंगर, मधून सूर्य, नारळाचं झाड, झोपडी, वर कापसाचे चार ढग. साठ वर्षं महाराष्ट्र पास होतोय ह्याच्यावर. आमच्या रोह्याच्या पोरांच्या चित्रात डोंगरामागून सात घड्यांचा निळा अजस्र ढग यायचा, एखादा ऑक्टोपस यावा तसा. एका वर्षी निम्मी पोरं आपटली. हेडमास्तरांनी बोलावलं. मी तिथेच हजेरीपट घेऊन उभी होते.

"टिपणीस, ढग साधे काढायला शिकवा हो."

"साधा ढग कुठे असतो सर?"

"अहो, वर बघा ना! आकाशात!"

टिपणीस सर खरंच खिडकीशी गेले, बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाले, "नाही दिसत." हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना, म्हणून मी हजेरीपटात तोंड घातलं.

त्या आपटलेल्यात एक निडी गावचा दत्ता होता. माझ्या विषयातही आपटायचा, तो सगळीकडेच आपटायचा. पण सरांनी फळ्यावर ढग काढला की हा पुढच्या बाकावर येऊन बसे आणि तोंड उघडं ठेवून बघे. पुढे तो पेणला गणपतीच्या कारखान्यात लागला, हात चांगला होता, डोळ्यांची आखणी त्याच्यासारखी कुणाची नाही असं नाव झालं. आता त्याचा स्वतःचा कारखाना आहे, पंधरा माणसं आहेत. माझ्या पायाशी वाकतो आणि म्हणतो, "बाई, तुमचं गणित नाय आलं, पन देवाचं डोलं आलं."

आता ती मुंबईची गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही.

सरांनी सुरा उशीच्या अभ्र्यात घातला, पिशवीत ठेवला आणि मुंबईला एका जाणत्या माणसाकडे घेऊन गेले. जुन्या वस्तूंतले मोठे जाणकार म्हणून नाव होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी गाडीत सर माझ्याशेजारी बसले. नागोठणं आलं. मग म्हणाले, "पाटीलबाई, त्यांनी हातात पण नाही घेतलं."

टेबलाच्या पलीकडूनच बघून ते गृहस्थ म्हणाले होते, पातं असेल बाहेरचं, पण म्यान इथलंच. साहेबांना विकायला मुंबईत बसून असले ढगबिग रंगवायचे लोक. बाजारी माल आहे. घरी भिंतीला लावा, छान दिसेल.

"मग?" मी म्हटलं. "एक माणूस म्हणाला म्हणून काय झालं? त्याच्या बापाने बघितलंय का रंगवताना?"

"नाही," सर म्हणाले. "पण माझ्याही नाही."

तिथपासून हे त्यांच्या आत जाऊन बसलं. आधी नुसता छंद होता, आता फैसला हवा होता. म्यान खरं असेल तर आपण आयुष्यभर बघितलं ते खरं, आणि बाजारी असेल तर आपण एका खेळण्याशी बोलत बसलो. सर हे असंच्या असं मला म्हणाले आहेत, निडीच्या पुलावर गाडी थांबली होती तेव्हा. निवृत्त झाल्यावर त्यांनी वह्यांवर वह्या भरल्या. प्रत्येक ढगाची प्रत्येक घडी मापून काढलेली. जगभरातल्या लोकांना पत्रं लिहिली, नंतर मुलीकडून मेल शिकले. उत्तरं यायची ती अशी की फोटोवरून सांगता येणार नाही. रंग भिंगाखाली बघावा लागेल, थर बघावे लागतील, खालचा आणि वरचा. जावाचा जुना रंग आणि मुंबईचा बाजारी रंग वेगळा ओळखू येतो, पण तो डोळ्यांनी बघावा लागेल. आणि पेणला येतो कोण? पेणला लोक गणपती घ्यायला येतात आणि पापड.

आणि एके दिवशी खरंच उत्तर आलं. मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयातल्या बाई, तीन वर्षं जावात राहून हेच शिकून आलेल्या. त्यांनी लिहिलं, मी स्वतः येते, उपकरणं घेऊन येते, रंगाचा थर बघितला की त्याच दिवशी सांगू शकेन. सर मेल छापून घेऊन माझ्याकडे आले. सत्तरीचा माणूस, फाटक उघडायचं सोडून कुंपणावरूनच कागद हलवत होता. मी त्यांना साखर दिली हातावर, घरात दुसरं काही गोड नव्हतं.

बाई यायला तीन आठवडे होते. सरांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. म्हणाले, त्या भिंगातून दाखवतील आणि मला दिसायचं नाही, असं नको. म्हणून पनवेलला मुलीकडे गेले, ऑपरेशन करून आठ दिवस तिथे राहायचं ठरलं.

आणि इथे मी येते. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या असतील, पण ही एक माझ्याबरोबर चितेवर येणार आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बाजारात दत्ता भेटला, मी त्याला सगळं सांगितलं. मुंबईहून मॅडम येणार, सरांच्या सुऱ्याचं म्यान बघणार, त्याच्यावर सरांचं सगळं ठरणार. दत्ताने डोळे मोठे केले. "बाई, पन तं फाटलेलं हाय ना! रंग पन गेलाय. सरांची इज्जत काय राहील?"

मी म्हटलं, "अरे, जुनंच बघायचं असतं त्यांना." पण हे मी भाजी निवडत निवडत म्हटलं. नीट थांबून, त्याचा हात धरून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

पेणात मूर्तीला तडा गेला की एकच रीत. तडा बुजवायचा, घासायचं, पांढरा हात द्यायचा, नवा रंग चढवायचा. जुन्या रंगासकट देव कारखान्याबाहेर गेला तर कारागिराची नाचक्की. कुणी घरातला पितळेचा, लाकडाचा, आजोबांच्या वेळचा देव आणून दिला तरी तेच. इथे कुणाला जुना रंग ठेवायचा असतो हेच माहीत नाही. आणि आषाढ होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, एकेका दिवसाची ओढाताण. त्या दिवसांत दत्ताने आपल्या माणसांवर काम टाकलं आणि सरांच्या घरी गेला. वहिनींना म्हणाला, "काकी, फट बुजवून देतो." वहिनींना काय, बरंच वाटलं. त्यांनी म्यान काढून दिलं. पातं तेवढं दिलं नाही, ते सर कुणाला हात लावू देत नसत.

तीन दिवस दत्ता त्याच्याशी बसला होता. कुणालाही हात लावू दिला नाही म्हणे.

सर पनवेलहून परत आले त्या सकाळी मी तिथेच होते, वहिनींनी पोहे खायला बोलावलं होतं. डोळ्यावरचा काळा चष्मा काढून सर ओटीवर बसले आणि म्हणाले, "अहो, किती स्वच्छ दिसतंय! भिंतीला ओल आलीय ती पण दिसतेय." एवढ्यात दत्ता आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. लाल कापडात गुंडाळलेलं म्यान त्याने सरांच्या मांडीवर ठेवलं आणि कापड बाजूला केलं.

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

फट नव्हती. उडालेला रंग नव्हता. लाकडापर्यंत घासून, वर पांढरा हात देऊन, सगळं नवंकोरं झळझळीत. कडांना सोनेरी. आणि ढग. मी कलेतली नाही, पण दहा वर्षं एका माणसाच्या शेजारी बसून ढगच ऐकलेत. ते ढग चुकलेले नव्हते. सात निळे होते, एकात एक, सरांनी फळ्यावर काढायचे अगदी तसे, एकही घडी इकडची तिकडे नाही. पूर्ण शाळेत एवढा चांगला ढग कुणी काढला नव्हता.

सर बघत राहिले. मी देवाला हात जोडले होते, कशासाठी ते मला ठाऊक नाही. ते काहीतरी भयंकर बोलतील असं वाटत होतं, आणि बोलावं असंही वाटत होतं. दत्ता ओटीच्या कडेला उभा, पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत. पस्तिशीचा बाप्या माणूस, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा असल्यासारखा.

सरांनी म्यानावरून बोट फिरवलं. खूप वेळ. मग म्हणाले, "दत्ता, ढग चांगले काढलेस रे."

दत्ता रडायलाच लागला. "सर, तुमी फल्यावर काडायचे ना, तसंच केलं. डोल्यासमोर तोच फला ठेवला." आणि पायावर डोकं ठेवलं. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "सर, माझं तोंड फाटकं. मी सांगितलं त्याला."

"तुम्ही सांगितलं ते खरंच सांगितलं," सर म्हणाले. "आणि त्याला शिकवलं मी." मग वहिनींना म्हणाले, "पोहे गार झाले असतील, जरा गरम करता का?" वहिनी आत गेल्या. त्यांना कळलं नव्हतं. त्यांना कधी कळू दिलं नाही. मी विचारलं, त्या बाईंना नका येऊ म्हणून कळवू का? सर म्हणाले, नको, येऊ देत, लाकडावर कुठे एखादा ठिपका राहिला असेल. म्हणजे आशा अजून होती बघा. आशा मेलेली बरी, ही अर्धमेली फार वाईट.

बाई आल्या तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, वडखळच्या नाक्यावर त्यांची गाडी तीन तास अडकलेली. पस्तीस-चाळिशीच्या, साध्या, घामाघूम झालेल्या. आल्या आल्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आधी बघू या का? मला राहवत नाहीये." सरांनी म्यान पुढे केलं. त्यांच्या तोंडावरचं हसू होतं तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

त्यांनी तरी सोडलं नाही. खरं सांगते, कौतुक वाटलं मला. दिवा लावला, डोळ्याला यंत्र लावलं, तासभर म्यानाचा इंच न् इंच बघितला. आतल्या बाजूने, तोंडाच्या कडेने, टोकाला. सर शेजारी उकिडवे बसलेले, नव्या डोळ्यांनी. दत्ताने काम मनापासून केलं होतं. त्याने कुठेही ठिपका ठेवला नव्हता.

शेवटी बाईंनी दिवा बंद केला. "सर, काहीच सांगता येणार नाही. जावातलं होतं असंही नाही आणि मुंबईतलं होतं असंही नाही. आता कुणालाच कधी सांगता येणार नाही." मग पात्याकडे वळून, "पातं जावाचंच आहे. जुनं आहे, चांगलं आहे, सिंह तर सुंदर आहे. पण अशी पाती खूप आहेत जगात. तुमचं म्हणणं म्यानावर होतं." आणि मग त्यांना राहवलं नाही. "कोणी केलं हो हे?"

"मीच," सर म्हणाले. "खराब दिसत होतं."

त्या बाईंनी त्यांच्याकडे जे बघितलं ते मला विसरता येत नाही. त्यांनी सरांच्या मेल वाचल्या होत्या, वह्यांचे फोटो बघितले होते. एवढं जाणणारा माणूस असं करतो? वेडाच असला पाहिजे. मी तोंड उघडणार होते. सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि आयुष्यात एकदा मी गप्प बसले. त्या निघाल्या तेव्हा दत्ता टेम्पो भरून धावत आला, हात जोडून उभा राहिला. गाडी गेली. "सर, काय बोलल्या मॅडम? आवडलं?"

"आवडलं," सर म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. सर पायरीवर बसलेले, वह्या कुठे दिसत नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाले, ठेवल्यात माळ्यावर. भिंग गळ्यात नव्हतं. आमचं बोलणं चाललं होतं कशाबद्दल तरी, पाण्याच्या टाकीबद्दल असेल, तेवढ्यात दत्ता स्कूटरवरून आला. त्याने सगळ्या बाजाराला सांगून झालं होतं की सरांच्या सुऱ्याला रंग मी दिला आणि मुंबईची मॅडम खूश होऊन गेली. माणूस आनंदाने फुगलेला.

"सर, म्यान झालं, आता पातं कालं कशाला ठेवायचं? रोह्याला कंपनीत माजा मावसभाऊ हाय, बफिंगवर. आरशासारखं करून देतो. तुमच्या दसऱ्याला पूजेत कसं चमकेल बगा."

मी सरांकडे बघितलं. त्या लोखंडातल्या लाटा, तो न बघितलेला सिंह, चुलत्यांच्या गुंडाळीतलं उरलेलं तेवढं एकच खरं. मशिनवर घातलं की पाच मिनिटांत जाणार. आता तरी हा माणूस नाही म्हणेल. त्याला नाही म्हणायला काय लागतं?

सर उठले, आत गेले. पातं घेऊन बाहेर आले, मुठीकडून दत्ताच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जपून धर. धार आहे अजून." दत्ताने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, डिकीत ठेवलं आणि गेला. रोह्याच्या रस्त्याला लागलेला दिसला मला.

मी भडकले. अगदी पहिल्या दिवशी गाडीत भडकले होते त्याहून जास्त. "अहो सर, ते तरी ठेवायचं! बाईंनी खरं आहे म्हणून सांगितलं होतं ना? सरळ नाही म्हणायचं!"

"काय सांगून नाही म्हणू?" सर म्हणाले. "तो विचारील, का. मग पातं का नाही, आणि म्यान कसं चाललं. हुशार आहे तो, बाई. तुमच्या गणितातच कच्चा होता."

डोळ्यात पाणी आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी चपला घालत्ये असं दाखवून खाली वाकले आणि निघाले. सर गणपतीनंतर पनवेलला मुलीकडे गेले आणि मार्गशीर्षात तिथेच वारले, म्हणजे ही शेवटची भेट. तेव्हा हे कुणाला माहीत होतं? मी रागातच होते.

फाटकाशी पोचल्यावर वळून बघितलं. सर पायरीवर रिकामं म्यान मांडीवर घेऊन बसले होते. मोकळ्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करील म्हणून त्यात फडक्याचा बोळा कोंबत होते, हळूहळू, रंगाला नख लागू न देता.

आतून वहिनींचा आवाज आला, "दत्ता गेला का हो? चहा टाकला होता त्याला."

"गेला," सर म्हणाले. "खूश होता."